नकाशावर रेघ ओढायच्या आधी विचारा

खान्देशातल्या नगरपालिकांचे नवे नगराध्यक्ष आणि नगरसेवक यांना खुले पत्र

मा. नगराध्यक्ष, मा. नगरसेवक,

स.न.वि.वि.

निवडणुकीचा गुलाल आता उतरला असेल. डिसेंबर 2025 मध्ये निकाल लागले आणि बऱ्याच वर्षांनी आपल्या पालिकांच्या खुर्च्यांवर पुन्हा लोकांनी निवडलेली माणसं बसली. मधल्या काळात प्रशासक होते. कामं तेव्हाही झाली, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण ठराव मांडणारा, अनुमोदन देणारा आणि विरोध करणारा असे तिघेही त्या काळात एकाच सहीत मावत होते. शहराच्या पुढच्या वीस वर्षांचा निर्णय तशा एका सहीने होऊ नये, म्हणून हे पत्र. गटार, दिवाबत्ती, रस्त्यावरचे खड्डे या मागण्या तुमच्याकडे रोज येतील. त्यातली एकही मी करणार नाही. मला बोलायचंय ते विकास योजनेबद्दल, म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची आणि रस्ते कुठून न्यायचे हे नकाशावर ठरवणाऱ्या योजनेबद्दल, आपण सगळे जिला डी.पी. म्हणतो तिच्याबद्दल.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या गावात बांधकाम परवानगीच्या फायली करतो. आर्किटेक्ट नाही, इंजिनियर नाही. आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, आधी बोर्डावर नकाशे काढले, आता कॉम्प्युटरवर काढतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर जे लिहितोय ते एकाच गावाचं नाही आणि दुसरं म्हणजे उद्या मला त्याच खिडकीवर फाइल घेऊन उभं राहायचंय.

घर बांधायला निघालेला माणूस माझ्याकडे येतो तो खरेदीखत, उतारा आणि मोजणीची शीट प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन. मी आधी झोन दाखला आणि भाग नकाशा, म्हणजे त्या जागेवर विकास योजनेत काय दाखवलंय ते सांगणारे पालिकेचे कागद, काढायला सांगतो. तो कागद हातात आला की कित्येकदा पहिल्यांदा कळतं, की ज्या जागेवर देवघर कुठे आणि मोरी कुठे हे घरात ठरून झालंय, तिथून बारा मीटरचा रस्ता जातोय. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांच्या बाबतीत असंच झालं. प्लॉट घेतला तेव्हा नोकरी बाहेरगावी. फंडाचे पैसे हातात आले, बायकोला पूर्वेचा दरवाजा हवा होता, तसा नकाशाही मी अर्धा काढला होता. भाग नकाशा पाहिल्यावर ते बराच वेळ त्या दोन समांतर रेघांवर बोट फिरवत बसले. मग म्हणाले, “भाऊ, आमले कोनी इचारंच नही.”

कायद्याच्या भाषेत मात्र त्यांना विचारलं होतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 सालचा. त्यात सगळं आहे. पालिकेने योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करायचा, आज कोणती जमीन कशासाठी वापरली जातेय त्याचा नकाशा करायचा, मग प्रारूप योजना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवायच्या. त्यासाठी मुदत 30 दिवस. पूर्वी ती जास्त होती, नंतर कमी केली. आलेल्या हरकती ऐकायला नियोजन समिती बसते. तीत पालिकेचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. समितीचा अहवाल, पालिकेचे बदल आणि शेवटी शासनाची मंजुरी. त्यानंतर निदान वीस वर्षांतून एकदा तरी योजना सुधारायची. म्हणजे एकदा मंजूर झालेली रेघ एका पिढीला पुरते. आज बालवाडीत असलेलं पोर लग्नाला येईल तोवर तीच योजना.

या सगळ्या क्रमात लोक कुठे येतात ते पाहा. रेघा ओढून झाल्यावर. ‘काही हरकत आहे का?’ हा प्रश्न लग्नात अक्षता पडल्यानंतर विचारल्यासारखा आहे. तोपर्यंत आखणारा आपल्या आखणीच्या बाजूने उभा राहिलेला असतो आणि हरकत घेणारा आपोआप विकासाच्या आड येणारा ठरतो.

प्रारूप योजना प्रसिद्ध होते म्हणजे प्रत्यक्षात काय होतं, तेही सांगतो. कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, कपाटाच्या शेजारच्या भिंतीवर नकाशा चिकटवतात. रहिवास पिवळा, शेती हिरवी. गट नंबर इतके बारीक की चष्मा कपाळावर चढवून नाक भिंतीला लावावं लागतं. आपल्या लोकांना जागा गट नंबराने ठाऊक नसते. मरीमायचं देऊळ, जुनी जिनिंग, बैलबाजार, खळवाडी, नाल्यावरची फरशी अशा खुणांनी ठाऊक असते आणि यातली एकही खूण नकाशावर नसते. माणसं येतात, नाल्याच्या निळ्या रेघेवर बोट ठेवतात, तिथून घर शोधायला लागतात आणि भलत्याच शिवारात पोचतात. कुणी तरी ‘तुमच्यावर काही नाही’ असं सांगतं, ती समाधानाने खाली उतरतात. बायका तर त्या जिन्यापर्यंतही येत नाहीत. कार्यालयाची वेळ आणि नळाला पाणी यायची वेळ यांचं भांडण असलं की जीत नळाचीच होते. पाणी चौथ्या दिवशी येणार असेल तर त्या दिवशी बाकी सगळं रद्द.

सुनावणीही पाहिली आहे. सभागृहात टोकन नंबराने बोलावतात. अर्जदार वकिलाने लिहून दिलेलं वाचायला लागतो, समितीतले एकजण ‘मुद्द्याचं बोला’ म्हणतात, पुढचा नंबर पुकारला जातो. महिने जातात. मग सुधारित नकाशा येतो आणि त्यात काही रेघा सरकलेल्या असतात. का सरकल्या? कुणाच्या हरकतीवरून? जी रेघ सरकली नाही ती का नाही? याचं उत्तर अर्जदाराला सहसा कागदावर मिळत नाही. मग ते चहाच्या टपरीवर मिळतं, आणि तिथे मिळणारं उत्तर पालिकेच्या इभ्रतीला परवडणारं नसतं. खरं असो की खोटं, लोक तेच धरून चालतात.

आता तुम्ही म्हणाल, लोकांना काय कळतं नगररचनेतलं? माझे एक परिचित निवृत्त अभियंते आहेत. ते धुळ्याचा दाखला देतात. 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जने धुळं हे खान्देशाचं मुख्य ठिकाण केलं आणि नवी पेठ आखून दिली. सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या. त्या गल्ल्या आजही नंबराने ओळखल्या जातात. ‘ब्रिग्जने सभा घेतली होती का?’ असा त्यांचा प्रश्न. नव्हती घेतली. पण त्याला आखायला मोकळी जमीन होती आणि हातात कंपनी सरकारचा हुकूम होता. तुमच्यासमोर आज बसलेलं गाव आहे. घरावर कर्ज आहे, गटाचे चार वारस आहेत आणि त्या गटावर कोर्टाची तारीख आहे. तिथे ब्रिग्जसारखी पट्टी लावता येत नाही.

ब्रिग्जच्याही आधीपासून खान्देशात जमिनीचं आणि पाण्याचं नियोजन लोक करत आलेत, तो दाखला मात्र हे अभियंते कधी देत नाहीत. पांझरेच्या खोऱ्यातली फड पद्धत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन काही फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि कोणत्या फडात यंदा ऊस, कोणत्यात हंगामी पीक, हे शेतकऱ्यांनी एकत्र बसून ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागले. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला ज्याची जमीन जास्त त्याने माणसंही जास्त द्यायची. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड कोरडा ठेवायचा, हेही सगळ्यांदेखत ठरायचं. आपली जमीन कोरड्या फडात जाणार हे त्या शेतकऱ्याला आवडत असेल का? मुळीच नाही. पण ते त्याच्या समोर ठरलेलं असायचं आणि का, ते त्याला ठाऊक असायचं, म्हणून तो ते पाळायचा. ही पद्धत शेकडो वर्षं चालली, इंग्रजांनी तिची दखल घेतली, आता बऱ्याच ठिकाणी ती मोडकळीला आली आहे. तिच्यातल्या उणिवाही मला ठाऊक आहेत. ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याला त्या बैठकीत जागा नव्हती. तरीही कुणाला पाणी आणि कुणाला नाही, एवढा टोकाचा निर्णय लोक एकत्र बसून घेऊ शकतात, हे आपल्याच मातीत सिद्ध झालेलं आहे. रस्त्याची रुंदी त्यापुढे किरकोळ बाब.

आणि लोकांना काय कळतं म्हणाल, तर उपग्रहाच्या चित्रातून न दिसणारं बरंच कळतं. जळगावच्या श्रीराम रथाच्या चाकाला मोगरी (लाकडी ठोकळा) लावणाऱ्याला विचारा, रथाच्या वाटेवर कोणाचा ओटा किती पुढे आलाय. तो वितीच्या हिशेबात सांगेल. कापसाच्या हंगामात जिनिंगसमोर ट्रॅक्टरची रांग कुठपर्यंत लागते, केळीचे ट्रक वळताना कोणत्या कोपऱ्यावर अडतात, आठवडे बाजारात भाजी विकणारी बाई दिवसभर पाणी का पीत नाही (कारण बायकांसाठी मुतारी नाही), हे सगळं नियोजनच आहे. ते कुठल्याही सर्वेक्षणाच्या तक्त्यात येत नाही, कारण कुणी त्यांना विचारलेलंच नसतं.

पाण्याचा मुद्दा तर जिवावरचा. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी शहरात शिरलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पूररेषा आखायची शास्त्रीय पद्धत आहे. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. मोठ्या नद्यांवर त्या आखलेल्या असतात. पण आपल्या गावांमधून वाहणारे नाले आणि ओढे? ले-आउट पडतात तेव्हा आधी नाला सरळ होतो, मग अरुंद होतो, मग पाइपात जातो आणि शेवटी त्याच्यावर पेव्हर ब्लॉक बसतात. पुढचा जोराचा पाऊस येईपर्यंत सगळे खूश. नाल्याची मूळ वाट कुठली होती हे त्या भागातल्या सत्तरीच्या माणसाला विचारलं तर तो काठीने दाखवतो. एकदा मी अशा आजोबांनी दाखवलेली वाट जुन्या गाव नकाशावर ताडून पाहिली. तंतोतंत जुळली. चालू नकाशात मात्र तिथे पिवळा रंग होता.

म्हणून माझी पहिली विनंती साधी आहे. तुमच्या पालिकेची योजना सुधारायची वेळ जवळ येत असेल, तर आजच्या जमीनवापराचा नकाशा तयार होतो त्या टप्प्यावरच लोकांना बरोबर घ्या. जलयुक्त शिवारच्या वेळी गावोगाव शिवारफेरी काढायचे. तलाठी, कृषी सहायक आणि गावकरी मिळून शिवार पायी फिरायचे, कुठे बांध हवा, कुठे नाला खोल करायचा ते जागेवर पाहायचे. तशी प्रभागफेरी काढा. नगररचनाकार, नगरसेवक आणि त्या भागातली पाच-पंचवीस माणसं, हातात मोठ्या अक्षरांतला प्रभागाचा नकाशा. मे महिन्यात पारा 45 वर असताना नको, हिवाळ्यात काढा. नकाशावर गट नंबराबरोबर मरीमाय आणि जिनिंगही लिहा. हे काम माझ्यासारखा कुठलाही नकाशेवाला दोन दिवसांत करून देतो. संध्याकाळी, आणि पाणी येत नसेल त्या दिवशी, त्या प्रभागातल्या मराठी शाळेत किंवा उर्दू शाळेत बसा. बायकांची बैठक वेगळी घ्या. गावांमध्ये महिलांची ग्रामसभा आधी भरवायची पद्धत आहे, ती उगाच आलेली नाही.

ग्रामसभेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट बोलून टाकतो. ती मला खटकते आणि तिची चर्चा फारशी होत नाही. आपल्या राज्यात गावाला वर्षाला निदान चार ग्रामसभांचा हक्क आहे. आता तर ‘आमचा गाव, आमचा विकास’ म्हणून गावाचा आराखडा ग्रामसभेतून करायचा असतो. वित्त आयोगाचा पैसा कशावर खर्च होणार ते तिथे मांडावं लागतं. चोपडा, यावल, रावेरचा काही भाग, साक्री-शिरपूरची आदिवासी गावं, नंदुरबार जिल्ह्यातले धडगाव, अक्कलकुवा आणि तळोदा हे तालुके पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींच्या खास कायद्याखाली येतात. तिथे 1996 च्या कायद्याने ग्रामसभेचा अधिकार आणखी मोठा आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने तर गावाने ठरवलं तर काय होतं ते दाखवून दिलं. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी नव्वदच्या दशकात जंगल राखायचे नियम स्वतः केले, मोडणाऱ्याला दंड लावला, शेकडो एकर जंगल परत उभं केलं. 2025 मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली. किती सभा भरल्या असतील, किती रुसवेफुगवे झाले असतील, ते त्यांनाच माहीत.

याउलट शहरात काय आहे? 74 व्या घटनादुरुस्तीने नगर नियोजन हा विषय पालिकांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर ठेवला. पण प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांनाच. 2011 च्या जनगणनेनुसार खान्देशात ही मर्यादा ओलांडतात ती फक्त जळगाव आणि धुळे, आणि त्या दोन्ही महापालिका आहेत. भुसावळसुद्धा दोन लाखांच्या आत. म्हणजे तुमच्यापैकी कुणाच्याही गावात प्रभाग समिती सक्तीची नाही. पुढे हद्दवाढ होते. शेजारचं खेडं पालिकेत येतं, तिथल्या लोकांना घरपट्टी वाढून येते आणि त्यांची ग्रामसभा जाते. तिच्या जागी काय मिळतं? पाच वर्षांनी मतदान. काल वर्षातून चार वेळा उठून ‘सरपंच, ह्या कामाचा हिशेब द्या’ म्हणणारा माणूस आज नगरसेवकाच्या घराबाहेर चपला काढून बसतो. शहरात आल्यावर त्याचा आवाज वाढायला हवा होता, तो कमी झाला.

यावरचा उपायही कायद्यात येऊन पडलेला आहे. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाची अट म्हणून राज्याने 2009 मध्ये नागरी संस्थांच्या कायद्यात क्षेत्रसभा आणली. काही मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांची सभा आणि तिचा अध्यक्ष त्या भागाचा नगरसेवक, अशी कल्पना. शहरातली ग्रामसभाच म्हणा. आमच्या भागात ती भरलेली मी तरी पाहिलेली नाही. नगरसेवकांना तिची भीती वाटते हे मी समजू शकतो. माइक एकदा लोकांच्या हातात गेला की तो परत घेणं अवघड असतं. पण चहाच्या टपरीवरचा माइक बंद करता येत नाही, हेही लक्षात घ्या.

पैशांबद्दल थोडक्यात. पुणे महापालिकेने 2006 पासून प्रभागातल्या नागरिकांकडून छोट्या कामांच्या सूचना मागवून त्या अंदाजपत्रकात घ्यायला सुरुवात केली. तिथेही रड आहेच, सूचना खूप येतात आणि थोड्याच मार्गी लागतात. पण अर्ज कधी करायचा, कुठे करायचा हे तिथल्या माणसाला माहीत असतं. आपल्याकडे अंदाजपत्रकाची सभा होऊन जाते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘कोणतीही करवाढ नाही’ एवढं छापून येतं. प्रत्येक प्रभागात किती खर्च झाला याचा एक-एक पानाचा तक्ता शाळेच्या फळ्यावर लावायला फार पैसे लागत नाहीत. माहिती अधिकाराच्या कायद्यातलं कलम 4 तर सांगतं की अशी माहिती कुणी मागायच्या आधी आपणहून द्यायची.

आरक्षणांबद्दल, म्हणजे सार्वजनिक कामासाठी योजनेत राखून ठेवलेल्या जमिनींबद्दल, मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण खरी मेख तिथे आहे. प्रारूप योजनेत मैदान, बगीचा, दवाखाना, भाजी मंडई, वाचनालय असं सगळं असतं. नकाशा पाहून छाती भरून येते. पण मंजुरीनंतर दहा वर्षांत पालिकेने ती जमीन घेतली नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम 127 खाली मालक नोटीस देतो. नोटिशीनंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द. पालिकेकडे पैसा नसतो. मोबदल्यात टीडीआर (पैशांऐवजी मिळणारा, दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या म्हटलं तर छोट्या गावात त्याला गिऱ्हाईक नसतं. मग काय होतं? दहा वर्षं मालक अडकून पडतो, ना बांधू शकतो ना चांगल्या भावाने विकू शकतो. दहा वर्षांनी मैदानही जातं. दोघांचंही नुकसान, आणि नोटिशीची तारीख कधी चुकवायची हे जाणणाऱ्या मधल्या माणसाचा फायदा. तेव्हा वीस आरक्षणं टाकून दोन घेण्यापेक्षा, परवडतील तेवढी सहा टाका आणि सहाही घ्या. कोणती सहा, हे प्रभागातल्या लोकांना ठरवू द्या. मैदान आधी की मंडई आधी, यावर भांडण होईल. होऊ द्या. ते भांडण नकाशा होण्याआधी झालेलं बरं.

आणि जे हातात आहे ते तरी जपा. मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. कॉलनीतल्या लोकांनी प्लॉटच्या भावात तिचे पैसे आधीच भरलेले असतात. तिथे दहा वर्षं बाभळी वाढतात, मग एक दिवस कुणाच्या तरी निधीतून सभामंडप उभा राहतो आणि त्यावर तीन फुटी अक्षरांत नाव. मुलांच्या क्रिकेटचं काय, ते कुणी विचारलेलं नसतं. देवळाला किंवा सभामंडपाला माझा विरोध नाही, कॉलनीच्या बैठकीत बहुमताने ठरलं तर जरूर बांधा. पण ती बैठक होऊ द्या आणि तिचं इतिवृत्त पालिकेत ठेवा.

लोकांनाही सोडत नाही. माझ्याकडे हरकती लिहून घ्यायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा मजकूर एकच असतो, माझ्या गटावरचं आरक्षण उठवा. इथे मैदान करा म्हणून अर्ज घेऊन आलेला माणूस माझ्या दुकानाची पायरी क्वचितच चढलाय. मैदान सगळ्यांनाच हवं असतं, फक्त शेजारच्या गटात. आणि ‘लोक’ म्हणून जी मंडळी सभेला येतात त्यांतही ज्याच्या चार गाड्या तो पुढच्या रांगेत, भाडेकरू आणि झोपडपट्टीतली माणसं दाराशी. जळगावात महामार्गालगत समांतर रस्ते व्हावेत म्हणून नागरिकांना वर्षानुवर्षं पाठपुरावा आणि आंदोलन करावं लागलं, कारण रोज अपघातात माणसं जात होती. एवढा त्रास झाल्यावर लोक एकत्र येतात. पण योजना आखली जात असते तेव्हा कुणाच्याच घरी सुतक नसतं, म्हणून कुणी येत नाही. लोकांना आणायचं काम कष्टाचं आहे, ते एका जाहिरातीने होणार नाही. घंटागाडीवर गाण्याऐवजी आठवडाभर या नकाशाची दवंडी वाजवून पाहा. निदान उत्सुकतेने तरी लोक दारात येतील.

उशीर होईल, हा आक्षेप तुमचे मुख्याधिकारी घेतील. कायद्याने टप्प्यांना मुदती घातल्या आहेत, त्यांचा धाकही खरा आहे. पण सुरुवातीला चार-सहा महिने लोकांबरोबर घालवले तर मागाहून होणारी कोर्टाची वर्षं वाचतात. आज कितीतरी रस्ते नकाशावर पूर्ण आहेत आणि जमिनीवर एका घराशी येऊन थांबतात. त्या घरातला माणूस हट्टी आहे असं सगळे म्हणतात. असेलही. पण भाग नकाशा पाहून ‘आमले कोनी इचारंच नही’ म्हणणाऱ्यांपैकीच तो एक असायची शक्यता जास्त.

आणखी एक अपेक्षा. सुनावणीनंतर प्रत्येक हरकतीवर काय ठरलं आणि का ठरलं, ते दोन ओळींत लेखी द्या. प्रारूप आणि मंजूर नकाशा यांत जिथे-जिथे फरक पडला तिथले गट नंबर, कारणासकट, एका यादीत छापा आणि ती यादी पालिकेच्या फलकावर लावा. तुमच्यापैकी काहींना ही एकच गोष्ट सगळ्यात जड जाईल, याची मला कल्पना आहे. तेवढ्यासाठीच ती करा. मालकाला कारण पटलं नाही तरी तो कोर्टात जाईल तेव्हा कागदावर भांडेल. आज तो अफवेवर भांडतो.

येत्या सर्वसाधारण सभेत एवढाच ठराव मांडा, की आपल्या पालिकेत क्षेत्रसभा भरवल्या जातील आणि विकास योजनेचं पुढचं कुठलंही काम प्रभागफेरीशिवाय सुरू होणार नाही. सूचक कोण, अनुमोदक कोण, हे तुम्ही आपसात ठरवा. प्रभागाचे मोठे नकाशे काढायचं काम मी आणि माझ्यासारखे तालुक्यातले दोन-चार जण फुकट करून देऊ, कागद तेवढा पालिकेने द्यावा. विषय मात्र विषयपत्रिकेवर रीतसर घ्या. आयत्या वेळच्या विषयांत नको, तिथे काय-काय मंजूर होतं ते आम्हाला माहीत आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नकाशेवाला
जळगाव जिल्हा